धोंडबाचा हिरवा दिवा

रुपराव घाटोळे नववी 'ब'ला विज्ञान शिकवायचा आणि तासाच्या शेवटी विचारायचा, "समजलं का?" वर्ग म्हणायचा, "हो सर." हा संवाद तीन वर्षं सुरळीत चालला होता आणि दोन्ही बाजूंची काही तक्रार नव्हती. तक्रार निघाली ती तिमाहीचे पेपर तपासताना. 'पाणी केव्हा उकळते?' या प्रश्नाला एकाने लिहिलं होतं, 'पाहुणे आल्यावर.' रुपरावनं त्याला अर्धा मार्क दिला. उत्तर चूक आहे असं छातीठोकपणे म्हणवेना.

ही गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी सालची. शाळा नागपुरात, धंतोलीच्या मागच्या अंगाला. पुढच्या रस्त्यावर दवाखानेच दवाखाने. चंद्रपूर-यवतमाळकडून आलेली माणसं शाळेच्या फाटकात थांबून डॉक्टरांचा पत्ता विचारायची, आणि मुलं त्यांना बरोबर पत्ता सांगायची. म्हणजे मुलं मुळात चांगली होती. त्यांना फक्त विज्ञान येत नव्हतं.

रुपरावची नोकरी दर एप्रिलात संपायची आणि जूनमध्ये पुन्हा लागायची. मधल्या काळात तो सावनेरला आईबापाकडे बेकार म्हणून राहायचा आणि चुलत्यांच्या नजरा चुकवायचा. बायको शामला तिथंच असायची. तो परमनंट झाला की नागपुरात खोली घ्यायची, असं ठरलं होतं. शामलानं त्या खोलीचे पडदेसुद्धा शिवून ठेवले होते. खोलीला खिडक्या किती हे ठाऊक नसल्यानं तिनं अंदाजे चार शिवले. दर शनिवारी तो गेला की ती विचारायची, "झालं का जी काही?" आणि तो म्हणायचा, "यंदा होते." यंदाचं हे तिसरं वर्ष होतं.

सीताबर्डीच्या फुटपाथवर त्याला एक जुनं अमेरिकन मासिक मिळालं. त्यात एका वर्गाचा फोटो होता. प्रत्येक मुलाच्या बाकाला बटणं, आणि मास्तरच्या टेबलावर दिव्यांचा फळा. कोणाला कळलं, कोणाला नाही, हे मास्तरला बसल्या जागी दिसतं. पोरांना उठावं लागत नाही, बोलावं लागत नाही, शेजाऱ्याला पत्ता लागत नाही. रुपराव फुटपाथवरच उकिडवा बसून तो फोटो बघत राहिला. दुकानदार म्हणाला, "मास्टरजी, लेना है तो लो, पढना है तो घर जाके पढो."

मग दोन महिने तो शनिवारच्या जुन्या बाजारातून घंटीची बटणं, बॅटरीचे छोटे बल्ब आणि वायरची भेंडोळी गोळा करत हिंडला. फळा म्हणून संत्र्याच्या पेटीची फळकुटं ठोकली. हिरवा रंग सायकलच्या दुकानातून मिळाला, लाल मिळाला नाही, म्हणून शामलाची नेलपॉलिश वापरली. ती म्हणाली, "मी नखाइले लावाले घेतली होती जी." तो म्हणाला, "शिक्षणासाठी आहे." तिनं बाटली दिली आणि वर विचारलं, "यानं परमनंट करतेत का?"

प्रत्येक मुलापुढे दोन बटणं. डावं दाबलं की फळ्यावर त्याच्या नावाच्या चिठ्ठीवरचा हिरवा दिवा लागायचा: कळलं. उजवं दाबलं की लाल: नाही कळलं. फळ्याचं तोंड फक्त रुपरावकडे. त्यानं वर्गाला शपथ घेतल्यासारखं सांगितलं, "ज्याचा लाल लागेल त्याला मी नावानं विचारणार नाही. रागावणार नाही. फक्त खरं दाबायचं."

पहिल्या दिवशी त्यानं लोखंडाचं जहाज पाण्यावर का तरंगतं ते शिकवलं. चांगलं शिकवलं, असं त्याला वाटलं. हातवारेही केले. मग म्हणाला, "दाबा."

सगळे दिवे लाल लागले.

त्याला आधी वायरिंगची शंका आली. तो टेबलाखाली शिरला, एकेक जोड हलवून पाहिला, बॅटरी काढून लावली. वायरिंग निर्दोष होतं. दोष कुठे असेल याचा विचार करायला वर्गात दुसरं काही उरलंच नव्हतं. तो टेबलाखालून बाहेर आला तेव्हा त्याचे कान तापले होते. तीन वर्षं पोरं आपल्याला 'हो सर' म्हणत होती ती केवळ सभ्यपणा म्हणून, हे त्याला टेबलाखाली कळलं होतं.

"काय नाही कळलं?" त्यानं विचारलं, आणि मग आठवलं की हा प्रश्न दिव्यांना विचारता येत नाही.

मागून धोंडबा उठला. धोंडबाला बोलायची लाज कधीच नव्हती, फक्त बोलण्यासारखं काही नसायचं. "सर, आमी जहाजच नाही पाह्यलं."

"चित्रात पाहिलं असशील."

"चित्रात ते तरंगतेच, सर. कागदावर हाये ना."

दुसऱ्या दिवशी रुपरावनं पाण्याची बादली आणि पितळी गंज, म्हणजे पातेलं, आणलं. गंज सरळ ठेवला की तरंगायचा, आडवा केला की बुडायचा. दिवे अर्धे हिरवे झाले. तिसऱ्या दिवशी मुलांनी स्वतः गंजात खडे टाकून पाहिले, कोणता खडा टाकल्यावर गंज बुडेल यावर पैजा लावल्या, आणि वर्ग ओला झाला. दिवे हिरवे होत गेले. एकच लाल राहिला. चिठ्ठीवर नाव होतं: गोपिका.

गोपिका मुलींच्या पहिल्या बाकावर बसायची. तिचा आवाज कसा आहे हे शाळेत कोणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीलासुद्धा ती हात वर करायची. रुपराव दिलेल्या शब्दाप्रमाणे तिच्याकडे न बघता पुन्हा शिकवायचा. तो खिडकीकडे बघून शिकवायचा, छताकडे बघून शिकवायचा, आणि शेवटी फळ्याकडे बघायचा. लाल. एकदा, दोनदा, कितीदा तरी. वर्ग कंटाळून गेला. मग एक दिवस त्यानं गंज घेतला नाही, चपटा तवा घेतला आणि म्हणाला, "हा बुडतो. याच्याच लोखंडाचा खोलगट गंज केला तर?" आणि गप्प बसला. बऱ्याच वेळानं फळ्यावर तो एक दिवा हिरवा लागला. रुपरावला त्या दिवशी सावनेरपर्यंत पायी जाता आलं असतं. तो सायकलनं आपल्या भागीतल्या खोलीवर गेला, पण मनानं पायीच.

मग गोपिकेची सवयच झाली. पहिला लाल तिचा. तिला नाही कळलं की रुपरावला कळायचं, बाकीच्यांनाही कळलेलं नाही. ते फक्त लवकर हिरवं दाबत होते. तोंडानं एक अक्षर न बोलणारी ही मुलगी वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारत होती.

फेब्रुवारीत शिक्षणखात्याची तपासणी लागली. हेडमास्तर गणपतरावांनी रुपरावला आत बोलावलं.

"साहेब नववी 'ब' पाह्यणार हायेत. तुह्या परमनंटचा कागद त्याइच्याच शेऱ्यावर हाये. समजलं?"

"हो सर," रुपराव म्हणाला.

"ते तुह्या दिव्याचं ऐकलं त्याइनं. पाह्याचं म्हणतेत. लाल किती लागते?"

"नवा भाग असला तर पुष्कळ लागतात. तेच तर—"

"साहेबापुढे लाल लागला तं काय होईन ठाऊक हाये? साहेब म्हणीन, मास्तरले शिकवता येत नाही. आपण काय इतके वर्षं येडे होतो का? आपल्या शाळेत उत्तर आलं तं उजवा हात, नाही आलं तं डावा. सगळे हात वर. साहेब उजव्या हाताच्या पोट्ट्याले उठवते—मीच डोळा मारतो त्याले—आणि तपासणी खतम. तू इजेनं खरं बोलाले लावलं पोट्ट्याइले. काहून, बाप्पा?"

"सर, मी दिवे खोटे लावणार नाही," रुपराव म्हणाला. हे वाक्य त्यानं फार ठामपणे म्हटलं. पुढे ते त्याला वारंवार आठवायचं, म्हणून नोंदवून ठेवलेलं बरं.

गणपतराव म्हणाले, "नको लावू. सावनेरले शेती किती एकर हाये तुमची?"

रविवारी दुपारी शाळा रिकामी असताना रुपराव नववी 'ब'त गेला. त्यानं सगळे हिरवे दिवे एका तारेनं जोडले आणि ती तार टेबलाच्या खणातल्या एका छोट्या खटक्याला नेली. खटका एका बाजूला असला की फळा मुलांचं ऐकायचा. दुसऱ्या बाजूला केला की फळा रुपरावचं ऐकायचा, लाल दिवे बंद, आणि मुलं काहीही दाबोत, सगळे हिरवे. काम इतकं सफाईदार झालं की एकही जोड दिसत नव्हता. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वोत्तम वायरिंग होतं. घरी जाताना तो मनाशी म्हणत होता की खटका फक्त असू दे. लागेलच असं नाही.

तपासणीच्या दिवशी साहेब आले. साहेब विदर्भातले नव्हते, बोलायचे छापील. पांढरा सफारी, कानात अत्तराचा फाया, आणि चेहऱ्यावर वर्षानुवर्षं वर्ग बघून आलेली झोप. गणपतराव त्यांच्यामागे दोन्ही हात पोटावर बांधून उभे होते.

रुपराव शिकवू लागला. भाग नवा होता, हवेचा दाब. आवाज कापत होता म्हणून तो जरा भरभर शिकवत होता, आणि भरभर शिकवत होता म्हणून त्याला स्वतःलाही नीट कळत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दाबा."

साहेब वाकून फळ्याकडे बघायला यायच्या आत त्यानं एक नजर टाकली. पहिला दिवा लागला होता तो लाल. नाव वाचायची गरज नव्हती. मग दुसरा लाल. तिसरा लाल. पोरांनी शिकवल्याप्रमाणे केलं होतं. फक्त खरं दाबलं होतं.

रुपरावचा हात खणात गेला.

"वा," साहेब म्हणाले. फळा हिरवागार झाला होता. "म्हणजे सगळ्यांना समजलं?"

"हो साहेब," गणपतराव म्हणाले. त्यांना विचारलं नव्हतं.

साहेबांची झोप उडाली. खुर्ची ओढून ते फळ्यासमोर बसले. "मी विचारू का?" म्हणाले, आणि रुपरावला नाही म्हणता येईना. "मुलांनो, शाळा कोणाकोणाला आवडते?" हिरवेगार. "मोठेपणी शिक्षक व्हावं असं किती जणांना वाटतं?" हिरवेगार. साहेबांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा वर्ग त्यांना मिळाला नव्हता. मिळणं शक्यही नव्हतं. मुलं मात्र बटणं दाबत होती, आणि समोर साहेब खूष होऊन मान डोलावत होते, आणि त्यांनी कोणतं बटण दाबलं याच्याशी त्या डोलावण्याचा काही संबंध नव्हता. हे मुलांच्या हळूहळू लक्षात येत होतं. ते लक्षात येताना रुपरावला दिसत होतं.

मग साहेब दहा मिनिटं बोलले. शिस्त, स्वच्छता, राष्ट्र असं सगळं. बोलून झाल्यावर हसत हसत म्हणाले, "आता खरं सांगा हं. माझं बोलणं कंटाळवाणं वाटलं का कोणाला? ज्यांना वाटलं त्यांनी हिरवा लावा."

रुपरावनं खटका परत मुलांच्या बाजूला ओढला. खटका नवा होता, ताठ होता. बोटाला घाम होता. तो हलला नाही.

फळा हिरवागार होता.

गणपतरावांनी डोळे मिटले. साहेब फळ्याकडे बघत राहिले, आणि मग मांडीवर थाप मारून एवढे मोठ्यानं हसले की शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले.

"गणपतराव, याला म्हणतात यंत्र! हाताला खोटं बोलता येतं. उजवा-डावा हात मीही मास्तर असताना केलाय. पण वीज खोटं बोलत नाही. मला माझ्या बायकोनंसुद्धा इतकं स्पष्ट सांगितलं नाही कधी."

इथं सगळं संपलं असतं तर रुपराव फक्त खोटारडा ठरला असता. पण साहेबांना बक्षीस द्यायचं होतं. फळ्यावरचा एक दिवा बाकीच्यांपेक्षा लख्ख होता. बल्ब बदललेला होता, इतकंच. साहेबांनी त्याखालची चिठ्ठी वाचली. "हा सगळ्यात ठाम विद्यार्थी दिसतो. धोंडबा कोण? उभा राहा, बाळ."

धोंडबा चार दिवसांपासून तापानं घरी होता.

मुलांच्या शेवटच्या बाकावर त्याची जागा रिकामी होती. गैरहजर असूनही त्याला हवेचा दाब समजला होता, शाळा आवडत होती आणि साहेबांचा कंटाळा आला होता. रुपरावच्या डोक्यात काहीच नव्हतं. तोंड उघडलं तर खरं बाहेर पडेल की खोटं, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. साहेब चष्मा नाकावर चढवून फळ्यावरून वर्गाकडे मान वळवत होते.

गोपिका उठली. मुलींच्या बाकावरून निघून, मधली वाट ओलांडून, ती मुलांच्या रांगेत गेली आणि शेवटच्या बाकावर धोंडबाच्या जागेवर बसली. नववीतली मुलगी मुलांच्या बाकावर बसते म्हणजे काय, हे त्या शाळेत प्रत्येकाला माहीत होतं. तिचं नाव भिंतीवर लिहिलं गेलं असतं, पाण्याच्या टाकीवर लिहिलं गेलं असतं, तिला वाटेत गाणी म्हटली गेली असती. बाकावरच्या दोन मुलांनी सरकून जागा दिली.

साहेबांची नजर तिथं पोचली तेव्हा ती उभी होती.

"धोंडबाले ताप हाये, साहेब," ती म्हणाली. आवाज जरा घोगरा होता. वर्गानं तो पहिल्यांदाच ऐकला. "त्याच्या जागी आज मी बसून राहिली. बटण मीनं दाबलं."

"असं? आणि मी कंटाळवाणा बोललो, तेही तूच दाबलंस?"

"हो साहेब."

साहेब पुन्हा हसले. "निर्भीड मुलगी आहे. शाबास. बस." त्यांनी खिशातलं पेन काढून तिला बक्षीस दिलं. पुढच्या बाकावरची तिची स्वतःची जागा आता रिकामी होती, आणि फळ्यावर तिच्या नावाचा दिवाही हिरवा होता. तिकडे साहेबांनी बघितलं नाही. रुपरावनं बघितलं.

एकही मुलगा हसला नाही. रुपराव वाट बघत होता. कोणीतरी खुसखुसेल, शीळ घालेल. कोणी नाही. म्हणजे प्रत्येकाला कळलं होतं.

साहेबांचा शेरा फार चांगला पडला. फळा जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात मांडावा असंही त्यांनी सुचवलं. शनिवारी रुपराव सावनेरला गेला तेव्हा बातमी त्याच्याआधी पोचली होती. शामलानं आळीत साखर वाटली होती. पडदे घडी घालून पिशवीत भरलेले होते.

"मी सासूबाईले म्हटलं, माह्याच नेलपॉलिशनं झालं," ती म्हणाली. "साहेबापुढे लाल लागले का?"

"नाही."

"एकबी नाही? भारीच हुशार हायेत जी तुमची लेकरं."

तो भाकरी मोडत राहिला. तिनं दुसरी वाढली. "जेवा ना. असे काहून बसले? कोणी मेलं का?"

"कोणी नाही," तो म्हणाला. तिला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं, आणि दोन्ही वेळा त्याला पिशवीतून बाहेर आलेला पडद्याचा काठ दिसला. फुलं होती त्यावर.

सोमवारी तो सरळ गणपतरावांकडे गेला. "सर, तपासणीच्या दिवशी मी—"

"माहा कान दुखून राहिला," गणपतराव म्हणाले.

"सर, त्या फळ्यात मी एक—"

"दोन्ही कान." ते खुर्चीत मागे टेकले. "आयक, गा. तू खोटा असशीन तं साहेबाचा शेरा खोटा. साहेबाचा शेरा खोटा, तं साहेब खोटा. साहेबाले खोटं ठरवाचा अधिकार तुह्या ग्रेडात नाही. तू आता खरा हायेस, रुपराव. तुले आवडो का न आवडो. जा, तास घे."

नववी 'ब'त शिरताना दारातच धोंडबा भेटला. ताप उतरून तो बारीक झाला होता, पण मान ताठ होती. "सर, पोट्टे सांगून राहिले का मले हवेचा दाब समजला म्हणून."

रुपरावनं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"मंग मले एक डाव सांगा ना, काय समजलं ते."

खटका रुपरावनं रविवारीच उपटून काढला होता. फळा आता पुन्हा फक्त मुलांचं ऐकत होता. त्यानं हवेचा दाब पहिल्यापासून शिकवला आणि म्हणाला, "दाबा." सगळे हिरवे. धोंडबाचासुद्धा. त्याला बरं वाटेना. त्यानं मुद्दाम सांगितलं की हवेला वजन नसतं, म्हणून ती डोक्यावर ठेवली तरी चालते. "दाबा." सगळे हिरवे. ताबडतोब, एकदम, एका तालात. वायरिंगची शंका आली नाही. या वेळी तो टेबलाखाली शिरला नाही. टेबलाखाली जाऊन जे कळायचं ते उभ्या उभ्याच कळलं होतं: आपल्या मास्तरला हिरवा हवा असतो, हे पोरांना समजलं होतं, आणि पोरं मुळात चांगली होती.

फक्त एक दिवा विझलेलाच होता, लालही नाही, हिरवाही नाही. गोपिकेचे हात बटणांवर नव्हते, मांडीवर होते. साहेबांचं पेन बाकाच्या कडेला पडलं होतं; ती ते वापरत नव्हती.

रुपरावनं पुस्तक मिटलं. खडू ठेवला.

"एक प्रश्न विचारतो. पुस्तकातला नाही. त्या दिवशी साहेबांसमोर मी काय केलं, हे कोणाला कळलं? कळलं त्यानं हिरवा. नाही कळलं त्यानं लाल."

वर्गात कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग मागून एक लाल लागला. मग दोन. मग ओळीनं लागत गेले, मुलांचे, मुलींचे, शेजारी शेजारी. धोंडबा तर त्या दिवशी नव्हताच, त्यानंही प्रामाणिकपणे लाल लावला. वर्गात खरा लाल तेवढाच होता. बाकीची सगळी पोरं मास्तरकडे अगदी निष्पाप तोंडं करून बघत होती, सर, आम्हाला काय कळणार, आम्ही लहान आहोत.

साहेबांनी रुपरावला पकडलं असतं तर नोकरी गेली असती, आणि तो सावनेरला जाऊन शेती करत बसला असता. ते सोपं होतं. ही पोरं त्याला पकडायला तयार नव्हती. ती त्याला सोडून देत होती, आणि सोडून देण्यासाठी, त्यानंच दिलेल्या बटणांवर, एका वेळी सगळी जण त्याच्यासाठी खोटं बोलत होती.

तो फळ्याकडे बघत राहिला. लाल दिव्यांच्या मधोमध एक हिरवा लागला.

"गोपिका," तो म्हणाला. नावानं विचारणार नाही, हा शब्द त्यानं त्या दिवशी मोडला.

ती उभी राहिली. वर्ग आता तिच्याकडे बघत होता, नको बोलू असं.

"तुला कळलं?"

तिनं मान डोलावली.

"काय कळलं?"

तिचं बोट बाकाच्या कडेवरून बटणापर्यंत गेलं आणि परत आलं. बोलणं तिला अवघड जात होतं, हे दिसत होतं. साहेबांपुढे खोटं बोलताना ते इतकं अवघड गेलं नव्हतं.

"तुमी आमाले इचारलंच नाही, सर," ती म्हणाली. "दाबा म्हटलं, पण इचारलं नाही. दिवे तुमीच लावले."

खाली रस्त्यावर एक रिक्षावाला पेशंटसाठी घंटी वाजवत होता. रुपराव म्हणाला, "बस."

ती बसली नाही. रुपरावच्या तासाला उत्तर दिलेल्या मुलानं, उत्तर बरोबर की चूक ते कळल्याशिवाय खाली बसायचं नसे. शिस्त त्यानंच लावली होती. ती बाकाला हात टेकवून उभी राहिली, त्याच्याकडे बघत, रागानं नाही, नुसती थांबून. सगळा वर्ग थांबला होता. धोंडबासुद्धा, ज्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"बरोबर," रुपराव म्हणाला.

मग ती बसली.